डॉक्टरीणबाईंचा गाजलेला डाव

आत्याच्या कामाच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, बुद्धिबळाचे तीन पट आणि चौऱ्याण्णव सोंगट्या होत्या. तीन संचांच्या शहाण्णव व्हायला हव्यात. दोन काळी प्यादी कमी होती. किल्लीची दोन घड्याळं, त्यांतलं एक बंद. भिंतीवर राष्ट्रीय अजिंक्यपदाची दोन प्रमाणपत्रं, आणि त्यांच्या शेजारी तिसरं मावेल एवढी मोकळी जागा. जमिनीवर अकरा खोकी, आणि खोक्यांत आत्यानं अठ्ठावीस वर्षं दर आठवड्याला लिहिलेला बुद्धिबळाचा स्तंभ. अठ्ठावीस वर्षांचे आठवडे होतात एक हजार चारशे छप्पन्न. कात्रणं निघाली एक हजार चारशे एकतीस. उरलेल्या पंचवीस आठवड्यांत ती दोनदा आजारी होती आणि एकदा छापखान्याचा संप होता.

हे सगळं मोजायचं कारण असं, की वर्तमानपत्रानं गेल्या वर्षी ते पानच बंद केलं आणि एका प्रकाशकानं निवडक स्तंभांचं पुस्तक काढायचं ठरवलं. पुस्तकाला सूची हवी. माझी संख्याशास्त्राची पदवी नुकतीच हातात आली होती, नोकरी यायची होती, आणि आत्याच्या डोळ्यांना आता भिंगाशिवाय छापील अक्षर दिसत नव्हतं. म्हणून मी.

सूची म्हणजे कोणाचं नाव कोणत्या स्तंभात, आणि डाव असेल तर निकाल काय. सहाव्या खोक्याच्या तळाशी गेल्यावर मला पहिली शंका आली. अकरावं खोकं संपवून मी तक्ता लावला. एका बाईंचं नाव एकोणचाळीस वेळा आलं होतं. या बाई दाताच्या डॉक्टर. बुद्धिबळाच्या वर्तुळात त्यांना सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात. एकोणचाळीस स्तंभ, एकोणचाळीस डाव, आणि एकोणचाळीसही डावांत त्या हरलेल्या.

मी त्यांच्या स्पर्धांचे निकाल बुद्धिबळ महासंघाच्या नोंदींतून काढले. त्या वर्षांत त्या तीन डावांत एक हरत होत्या. म्हणजे डोळे मिटून एकोणचाळीस डाव उचलले, तर ते सगळे हरलेलेच निघण्याची शक्यता दशांशचिन्हानंतर अठरा शून्यं देऊन मग लिहावी लागते.

"आत्या," मी विचारलं, "डॉक्टरीणबाई कधी जिंकल्याच नाहीत का गं?"

ती मोड आलेले मूग निवडत होती. भिंग बाजूला होतं. मूग ती बोटांनीच निवडते. "जिंकल्या की. भरपूर."

"मग तू एकही छापला नाहीस."

"जागा पुरत नव्हती."

"अठ्ठावीस वर्षं?"

"मी छापलेल्या डावांत एक चाल चुकीची दाखव. एक निकाल खोटा दाखव. मग बोल."

मला दाखवता आलं नसतं. आत्याच्या स्तंभात चुकीची चाल छापली गेल्याचं कुणालाच आठवत नाही. तेच तिचं नाव होतं.

"पण हे वचपा काढणं झालं," मी म्हणाले.

"झालं नाही अजून," ती म्हणाली आणि एक खडा ताटलीच्या कडेला ठेवला. "चालू आहे."

त्या दुपारी तिनं मला सगळं सांगितलं. घरात याबद्दल अर्धवट बोललेलं मी लहानपणापासून ऐकत होते. सलग कधी ऐकलं नव्हतं.

छत्तीस वर्षांपूर्वी आत्या आणि डॉक्टरीणबाई जिवलग मैत्रिणी होत्या. एकाच खोलीत उतरायच्या, एकच कंगवा वापरायच्या. आत्या दोनदा राष्ट्रीय अजिंक्य झालेली, डॉक्टरीणबाई तोवर पहिल्या पाचांतही नाहीत. त्या वर्षीच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत आत्याची गाठ बँकेत नोकरी करणाऱ्या एका खेळाडूशी होती. आत्या जिंकली असती तर तिसरं अजिंक्यपद. तेव्हा लांबलेला डाव मध्येच थांबवत. ज्याची पाळी असेल त्यानं पुढची चाल गुपचूप कागदावर लिहायची, पाकिटात घालायची आणि पाकीट पंचांकडे द्यायचं. मधल्या वेळात दोन्ही बाजू आपापल्या सोबतिणीला घेऊन डोकं खाजवत बसायच्या.

आत्याचा डाव दुपारी एक वाजता थांबला आणि चार वाजता पुढे सुरू होणार होता. आत्या आणि डॉक्टरीणबाई जेवण न करता खिशातला पट घेऊन बसल्या. आत्यानं पाकिटात घातलेल्या चालीला बँकवालीकडे पाच उत्तरं होती. त्यांतली चार हरत होती. पाचवं, हत्ती एक घर मागे घेण्याचं, इतकं वेडगळ दिसत होतं की या दोघींना ते सापडायलाच अडीच तास लागले. ती एकच चाल डाव वाचवत होती.

"चार वाजता पाकीट फोडलं," आत्या म्हणाली. "पंचांनी माझी चाल पटावर केली. तिनं हत्ती मागे घेतला. अकरा सेकंदांत."

"अकरा सेकंदांवरून तू..."

"आम्हाला अडीच तास लागले गं. दोघींना मिळून."

डाव बरोबरीत सुटला. अर्ध्या गुणानं अजिंक्यपद बँकवालीकडे गेलं. बँकवालीचे प्रशिक्षक निवड समितीत होते. आठवड्यानं परदेशी जाणाऱ्या संघाची यादी लागली, चार नावांची. चौथं नाव डॉक्टरीणबाईंचं. आत्याचं नाव राखीव खेळाडूंतही नव्हतं. शेऱ्यात लिहिलं होतं, 'दडपणाखाली कणखरपणा कमी'. त्याच दौऱ्यात डॉक्टरीणबाईंनी एका परदेशी ग्रँडमास्टरला बाविसाव्या चालीवर हरवलं. हत्तीचा बळी देऊन जिंकलेला तो डाव जगभरच्या मासिकांत आला. आजही त्यांची ओळख करून देताना लोक तोच डाव सांगतात.

"केसानं गळा कापला तिनं माझा," आत्या म्हणाली. "आणि वर त्या केसाचा गजरा माळून फिरली."

"तू तिला कधी विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? मला घड्याळ वाचता येतं."

चार दिवसांनी महासंघाचं पत्र आलं. डॉक्टरीणबाईंना पासष्टावं वर्ष लागत होतं, सत्कार होणार होता, स्मरणिका निघणार होती. तिच्यात तो गाजलेला डाव टिपणांसह छापायचा होता, आणि टिपणं 'आपल्यासारख्या चिकित्सक लेखणीची' हवी होती. मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं आत्या ते फाडायला सांगेल. ती इतकी खुलली की मी घाबरले.

"खालचा खण उघड. निळी वही."

निळ्या वहीत पस्तीस पानं आत्याच्या बारीक अक्षरात भरली होती. सगळी एकाच स्थितीवर. परदेशी ग्रँडमास्टरनं ज्या स्थितीत हार मानली, तीच. आत्याचं म्हणणं असं, की तो उगाच घाबरला. काळ्या राजानं मागे पळायचंच नाही. उलट शत्रूच्या दिशेनं एक घर पुढे यायचं. मग पांढऱ्याचे शह आठ-दहा चालींत संपतात, बळी दिलेला हत्ती गेला तो गेलाच, आणि काळा आरामात जिंकतो. जगभर गाजलेला डाव म्हणजे जिंकलेल्या माणसानं सोडून दिलेला डाव.

"हे कधी सापडलं तुला?"

"मासिकात डाव आला त्याच महिन्यात."

"आणि छत्तीस वर्षं गप्प बसलीस?"

"तेव्हा छापलं असतं तर चार लोकांनी वाचलं असतं आणि विसरले असते. दात काढायचा तर मुळासकट काढावा. तिला विचार, तिचाच धंदा आहे." तिनं वहीवर हात फिरवला. "सत्काराच्या दिवशी, तिच्याच स्मरणिकेत, सगळ्यांच्या हातात. यापुढे मला छापील पान मिळायचं नाही. हे शेवटचं. फक्त तू एकदा तुझ्या यंत्रावर तपासून घे. माझ्या नावावर चुकीची चाल जाता कामा नये."

मी लॅपटॉपवर स्थिती मांडली. बुद्धिबळाचा प्रोग्राम कोण किती पुढे आहे ते प्याद्यांच्या हिशोबात सांगतो. काळा राजा पुढे आणला. प्रोग्रामनं दाखवलं, काळा तीन पूर्णांक एक प्याद्यांनी पुढे. आत्या बरोबर होती. चाळीस सेकंद तोच आकडा राहिला. मग तो खाली सरकू लागला, शून्यावर आला, आणि एक मिनिट अकरा सेकंदांनी पांढरा सहा पूर्णांक चार प्याद्यांनी पुढे झाला.

पांढऱ्यानं शह द्यायचाच नव्हता. लढाई चालली होती तिथून सर्वांत लांबचं, अगदी कडेचं प्यादं एक घर पुढे ढकलायचं होतं. इतकंच. त्यानं पुढे आलेल्या राजाचं परतीचं घर बंद होत होतं आणि पाच चालींत मात होती.

मी प्रोग्राम बंद करून पुन्हा चालवला. मग दुसरा प्रोग्राम आणून चालवला. मग आत्याला सांगितलं.

तिनं "हं" म्हटलं आणि पट मागितला. तीन दिवस ती त्या पटासमोर होती. मी चहा ठेवत होते आणि साय धरलेला परत नेत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं भिंग खाली ठेवलं.

"बरोबर आहे. कडेचं प्यादं."

"मग आता?"

"आता काय!"

मी जरा चाचरत म्हणाले, "सत्कारापर्यंत कोण तपासणार आहे? तू लिहिलंस तर लोक तसंच मानतील."

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मला माझ्या पदवीची लाज वाटली. "खोटं छापायचं असतं तर पहिल्याच वर्षी छापलं नसतं का?" ती म्हणाली. बराच वेळ तिनं एक हत्ती बोटांत फिरवला. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर पुन्हा ते पत्राच्या दिवशीचं तेज आलं.

"बळी बरोबर होता," ती म्हणाली. "पण तिला माहीत होतं का? तिनं सगळ्या मुलाखतींत सांगितलंय, मी शेवटपर्यंत पाहिलं होतं. पाहिलं होतं ना? मग दाखवू दे. फोन लाव तिला."

छत्तीस वर्षांनी झालेलं बोलणं मी स्पीकरवर ऐकलं. एकूण दीड मिनिट.

"मी बोलतेय."

"आवाज ओळखला मी. मेली नाहीस अजून?"

"तुझ्यानंतर. तुझा तो डाव माझ्याकडे टिपणांना आलाय. त्यानं हार मानली तिथून पुढे माझ्याशी खेळ. तू पांढरी, मी काळी. तीस-तीस मिनिटं. जिंकलीस तर स्तुतीनं पान भरते. हरलीस तर आपला डाव तुझ्या डावाखाली छापते."

"आणि नाही आले तर?"

"तर आली नाहीस असं छापते."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "सुंभ जळाला तरी पीळ काही गेला नाही तुझा. रविवारी अकरा, क्लबात."

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "हे बरोबर नाही. तुला उत्तर माहीत आहे."

"माझ्या बाजूला उत्तरच नाही. उत्तर तिच्या बाजूला आहे. तिला पूर्ण सूट."

क्लबची खोली पहिल्या मजल्यावर होती. सहा टेबलं, दोन ट्यूबलाइट, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. त्या वेळी कोणी नव्हतं. क्लबच्या सोंगट्यांच्या बुडात शिसं भरलेलं होतं. वजीर जड, प्यादी हलकी. पंच म्हणून मी.

डॉक्टरीणबाई काठी टेकत आल्या. उंच, नीट कापलेले पांढरे केस, पायांत कॅनव्हासचे बूट. जिना चढून धाप लागली होती ती त्यांनी खुर्चीच्या पाठीला धरून लपवली.

"ही भाची का?" त्यांनी विचारलं. "दात सरळ आहेत. आत्यावर गेली नाही."

"बस," आत्या म्हणाली.

"बसते. किती घाई! अठ्ठावीस वर्षं माझे पराभव छापलेस बये. दवाखान्यात पेशंट आ करायच्या आधी विचारायचे, बाई, परत हरलात? एकाची तर मी चुकीची दाढ काढणार होते."

"एकही खोटा नव्हता."

"नव्हता. तेच तर."

मी स्थिती मांडत होते. दोघी एकमेकींकडे न बघता माझ्या हातांकडे बघत होत्या. शेवटचं प्यादं ठेवलं तेव्हा डॉक्टरीणबाई एकदम म्हणाल्या, "सांगितलं होतं मी. हत्ती मागे घे म्हणून. साडेतीनला चहाच्या रांगेत सांगितलं त्या बँकवालीला."

मी हात मागे घेतला. आत्या हललीसुद्धा नाही.

"तुझ्याकडे दोन अजिंक्यपदं होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझ्याकडे काय होतं? तुझी सोबतीण. सगळ्या फोटोंत मी तुझ्या पिशव्या धरून उभी आहे. मला एकदा जायचं होतं. गेले. मला वाईट वाटलं का म्हणशील तर विमानात वाटलं. उतरल्यावर नाही."

मला वाटलं आता आत्या काहीतरी बोलेल. छत्तीस वर्षं ती ज्याची खात्री बाळगून होती ते समोर आलं होतं, आणि ते कबूल करणारी बाई दोन फुटांवर होती.

"घड्याळ सुरू कर," आत्या मला म्हणाली.

आत्यानं चार सेकंदांत राजा पुढे आणला.

डॉक्टरीणबाई हसल्या. "राजा पुढे? अगं डोळ्यांबरोबर डोकंही गेलं की काय!" मग त्यांनी पट पाहिला, आणि हसू ओठांवर तसंच राहून गेलं. त्यांनी काठी टेबलाला टेकवली ती घसरून पडली. कोणी उचलली नाही.

मी पटाकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. कडेच्या प्याद्याकडे माझी नजर एकदा जरी गेली असती तरी त्या बाईंनी ती वाचली असती. आयुष्यभर माणसांच्या चेहऱ्यात वाकून काम केलेलं. म्हणून मी घड्याळाकडे पाहत होते. पाच मिनिटं. नऊ. आत्याचा श्वास मला ऐकू येत होता. ती हातांची घडी घालून बसली होती आणि तिचा उजवा अंगठा डाव्या कोपरावर एकसारखा घासत होता. तेरा मिनिटं. एकदा डॉक्टरीणबाईंचा हात वर आला आणि पटाच्या कडेवरून गेला. त्यांच्या बाहीचं बटण टेबलावर वाजलं. आत्याचा अंगठा थांबला. हात परत मांडीवर गेला.

सतरा मिनिटं वीस सेकंद झाली तेव्हा सोंगटी उचलली गेली. मी घड्याळावरून नजर काढली नाही. सोंगटी खाली ठेवल्याचा आवाज जड होता. वजीर.

"शह," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आत्यानं लगेच राजा सरकवला. मग दुसरा शह, तिसरा शह. आत्या प्रत्येक वेळी तीन-चार सेकंदांत उत्तर देत होती. वहीतली पस्तीस पानं तिला पाठ होती. नवव्या चालीनंतर शह संपले. पटावर काळ्याचा एक हत्ती जास्त होता आणि पांढऱ्याकडे करण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टरीणबाई अजून दोन मिनिटं बसल्या आणि मग त्यांनी स्वतःच घड्याळ थांबवलं.

"म्हणजे तो उगाच हरला," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "म्हणजे छत्तीस वर्षं मी..."

"नाही," आत्या म्हणाली. तिनं भराभर स्थिती मागे नेली, राजा पुढे आलेला, वजीर जागेवर. मग कडेचं पांढरं प्यादं एका बोटानं एक घर ढकललं. "हे होतं. तुझा बळी अचूक होता. तुला माहीत नव्हतं, इतकंच."

डॉक्टरीणबाईंनी पटावर वाकून पाहिलं. त्यांना समजायला फार वेळ लागला नाही. चेहऱ्याचा रंग आधी गेला आणि मग त्या मागे टेकल्या. आत्या त्यांच्याकडे पाहत होती. इतक्या जवळून तिला भिंगाची गरज नव्हती. ती नजर मी घरात कोणाच्याच चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती. उन्हाळ्यात कोणी गार पाणी पितं तशी ती पाहत होती.

"हेही छापणार?"

"दोन्ही छापणार. जिंकत होतीस हे छापणार, आणि तीस मिनिटं देऊनही तुला ते दिसलं नाही हे छापणार."

डॉक्टरीणबाईंनी खाली वाकून काठी घेतली. उठता उठता त्या थांबल्या.

"कोणाला दिसलं हे प्यादं? तुला?"

आत्यानं कडेचं प्यादं पुन्हा मागे ठेवलं.

"नाही ना? तुला दिसलं असतं तर तू मला खेळायला बोलावलंच नसतंस, 'मला दिसलं, तिला नाही' असं थेट छापलं असतंस. कोणाला दिसलं?"

"संगणकाला," मी म्हणाले.

"किती वेळात?"

मी सांगितलं.

"आणि तू किती वर्षं पाहत होतीस ही स्थिती?" त्यांनी आत्याला विचारलं. उत्तराची वाट न पाहता त्या निघाल्या. जिन्यावर काठीचे बावीस ठोके झाले, मग खालचं दार.

आत्या पटासमोर बसून राहिली. मी सोंगट्या पेटीत भरायला लागले तर तिनं माझा हात धरला.

"राहू दे. वही काढ. सांगते ते जसंच्या तसं लिही. एक अक्षर मऊ करायचं नाही."

तिनं दोन्ही डाव न अडखळता सांगितले, चालीमागून चाल. मग बळीबद्दल दोन वाक्यं. मग ती थांबली, पाणी प्यायली आणि शेवटची टीप सांगितली. महासंघाच्या सचिवांनी ती गाळायची विनंती दोनदा केली. आत्यानं दोन्ही वेळा एकच उत्तर पाठवलं, की गाळायची तर सगळं पान गाळा. सत्काराच्या दिवशी स्मरणिकेच्या चाळीसाव्या पानावर ती अशी छापून आली:

'तेविसाव्या चालीला कडेचं प्यादं पुढे केल्यास पांढरा जिंकतो. ही चाल शोधण्यासाठी लागलेला वेळ: संगणक, एक मिनिट अकरा सेकंद. पांढऱ्या बाजूची खेळाडू, सतरा मिनिटं वीस सेकंद, सापडली नाही. प्रस्तुत लेखिका, छत्तीस वर्षं, सापडली नाही.'